रेडिएटर नाही, पाण्याचा थेंब नाही, तरी साडेतेहतीस तास सलग: राइट व्हर्लविंड इंजिनाची गोष्ट

आपल्या हवाई दलाकडे एक जुनं डाकोटा विमान आहे, 'परशुराम' नावाचं, शेपटीवर व्हीपी ९०५ नंबर. त्याचं इंजिन सुरू होतानाचा व्हिडिओ कुणी ग्रुपवर टाकला की दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, एवढा धूर येतोय, इंजिन गेलं का? आणि दुसरा जरा निरखून बघणाऱ्याचा, की हे गोल इंजिन थंड कसं राहतं, याला रेडिएटर कुठेच दिसत नाही?

दुसरा प्रश्न मला फार आवडतो. कारण त्याचं उत्तर शोधत मागे गेलं की आपण १९२०च्या दशकातल्या एका इंजिनापाशी जाऊन पोचतो, राइट कंपनीचं जे-५ व्हर्लविंड. व्हर्लविंड म्हणजे वावटळ. १९२७ च्या मे महिन्यात चार्ल्स लिंडबर्ग एकटा न्यूयॉर्कहून पॅरिसला न थांबता गेला, त्याच्या विमानात हेच इंजिन होतं. २०२७ मध्ये त्या उड्डाणाला १०० वर्षं होतील, तेव्हा लिंडबर्गवर भरपूर लिहून येईल, झोपेशी कसा झगडला, सँडविच किती नेले वगैरे. पण त्या रात्री विमानात डुलकी न काढणारं दुसरं कुणीतरी होतं आणि त्याच्याबद्दल नीट सांगायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आधी उष्णतेचा हिशोब

पेट्रोल जाळून जेवढी ऊर्जा मिळते त्यातली ढोबळमानाने एक तृतीयांशच चाक किंवा पंखा फिरवायला कामी येते, मोठा हिस्सा धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर जातो आणि उरलेली उष्णता सिलेंडरच्या भिंतीत शिरते. या शेवटच्या उष्णतेचं काय करायचं हाच इंजिनवाल्यांचा कायमचा प्रश्न. सिलेंडरच्या आत जळणारा गॅस २,००० अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि अॅल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं. म्हणजे उष्णता सतत बाहेर काढत राहिलो नाही तर इंजिन स्वतःलाच खाऊन टाकेल. आधी तेल पातळ होतं, मग सिलेंडरमध्ये वरखाली सरकणारा पिस्टन फुगून चिकटतो, गॅरेजवाले म्हणतात तसं इंजिन सीझ होतं.

व्हर्लविंड होतं साधारण २२० हॉर्सपॉवरचं. एवढ्या इंजिनाच्या सिलेंडरांतून पूर्ण जोरात चालताना बाहेर काढायची उष्णता म्हणजे घरातले दोन किलोवॉटचे चाळीस-पन्नास गीझर एकदम चालू ठेवल्यासारखं समजा. ती एकतर पाण्याला द्यायची नाहीतर थेट हवेला.

हवेला देण्याची पद्धत आपण रोज बघतो. मोटारसायकलच्या इंजिनाला बाहेरून पातळ पातळ पापुद्रे असतात ना, त्यांना फिन्स म्हणतात. त्यांच्यामुळे धातूचा हवेला लागणारा पृष्ठभाग कितीतरी पट वाढतो. खंबाटकी घाट चढून वर चहाला गाडी थांबवली आणि पाय चुकून त्या फिन्सला लागला की कळतं किती उष्णता तिथून बाहेर पडत असते.

पाण्याचं ओझं

मग विमानांना पाणी वापरायची गरज काय होती? तर पाणी उष्णता फार छान उचलतं. सिलेंडरभोवती पाणी खेळवलं की सगळीकडे सारखं तापमान राहतं, गरम ठिपके तयार होत नाहीत. पहिल्या महायुद्धातली बरीचशी ताकदवान इंजिनं पाण्याचीच होती.

पण पाणी म्हणजे नुसतं पाणी नाही. त्याबरोबर रेडिएटर आला, पंप आला, रबरी नळ्या आल्या, क्लिपा, जोड, फिल्टर, आणि हे सगळं विमानात उचलून न्यायचं. शिवाय एक नळी गळली तरी पाच-दहा मिनिटांत खेळ संपतो. ज्यांनी पूर्वीच्या गाड्यांतून बोरघाट नाहीतर कसारा घाट चढलाय त्यांना हे सांगायला नको. बॉनेटमधून वाफ, ड्रायव्हर फडकं हातात गुंडाळून रेडिएटरचं झाकण सैल करतोय, मागच्या सीटखाली पाण्याचा कॅन ठेवलेलाच. घाटात निदान बाजूला घेता येतं हो, समुद्रावर कुठे घेणार.

आणि हे खरंच घडलंय. मे १९१९ मध्ये हॅरी हॉकर आणि मॅकेन्झी-ग्रीव्ह हे दोघं न्यूफाउंडलंडवरून अटलांटिक ओलांडायला निघाले. इंजिन रोल्स-रॉइसचं, पाण्याचं, त्या काळातलं उत्तमातलं उत्तम. वाटेत रेडिएटरकडच्या फिल्टरमध्ये कचरा अडकला, पाणी फिरेना, ते उकळायला लागलं. इंजिनात स्वतःत काही दोष नव्हता, फक्त जाळी तुंबली होती. शेवटी 'मेरी' नावाचं डॅनिश जहाज दिसलं म्हणून त्याच्याजवळ समुद्रात विमान उतरवलं आणि दोघं वाचले. जहाजावर वायरलेस नव्हता, त्यामुळे जवळजवळ आठवडाभर सगळे त्यांना मेलेलेच समजत होते. (पुढच्याच महिन्यात अल्कॉक आणि ब्राउन पाण्याच्याच इंजिनांवर अटलांटिक पार करून आयर्लंडला पोचले, म्हणजे पाण्याची इंजिनं टाकाऊ होती असा अर्थ काढू नका.)

मग पहिल्यापासून हवेनंच थंड का नाही केलं?

प्रयत्न झाले की. १९०९ मध्ये ब्लेरिओनं इंग्लिश खाडी ओलांडली ती अंझानीच्या तीन सिलेंडरच्या, हवेनं थंड होणाऱ्या इंजिनावर, जेमतेम २५ हॉर्सपॉवर. पण ताकद वाढवली की ही इंजिनं तापून जायची, कारण फिन्स किती खोल, किती जवळ, कुठल्या धातूच्या ठेवायच्या याचं नीट गणितच कुणाकडे नव्हतं.

फ्रान्समधल्या सेगॅं बंधूंनी त्याच सुमारास वेगळीच शक्कल लढवली. हवा सिलेंडरपर्यंत नीट पोचत नाही ना, मग सिलेंडरच हवेत फिरवू! त्यांच्या नोम इंजिनात क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो मधला दांडा, विमानाला घट्ट बसवलेली आणि अख्खं इंजिन पंख्यासकट गरागरा फिरायचं. याला रोटरी म्हणतात. थंड व्हायचं मस्त आणि वजनाला हलकं. पण एवढं मोठं फिरतं वजन नाकावर असलं की ते भोवऱ्यासारखं वागतं, विमान एका बाजूला झटकन वळतं आणि दुसऱ्या बाजूला वळताना हट्ट करतं, नवशिके पायलट यात मेले. तेल म्हणून वापरायचे एरंडेल, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही. जळलेलं तेल सरळ बाहेर फेकलं जायचं आणि मागे बसलेल्या पायलटच्या तोंडावर यायचं. एरंडेल पोटात गेल्यावर काय होतं हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. आणि इंजिन मोठं करत गेलं तर फिरवायलाच ताकद वाया जायला लागली, त्यामुळे युद्ध संपता संपता रोटरीचा रस्ता बंद झाला.

मग इंग्लंडमध्ये १९१८ ला एबीसी ड्रॅगनफ्लाय आलं, न फिरणारं, हवेनं थंड होणारं, नऊ सिलेंडरचं. कागदावर इतकं सुंदर की नीट तपासणी व्हायच्या आधीच हजारोंची ऑर्डर देऊन मोकळे झाले, दुसऱ्या इंजिनांचं काम मागे पडलं. प्रत्यक्षात चालवलं तर भयंकर तापायचं. आणि त्याहून वाईट म्हणजे त्याचा नेहमीचा चालण्याचा वेग नेमका असा होता की क्रँकशाफ्टला पीळ बसून ती थरथरायची आणि तुटायची. युद्ध वेळेत संपलं हे ब्रिटिश हवाई दलाचं नशीब. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते कारण 'हवेनं थंड करणं म्हणजे फिन्स लावल्या की झालं' हा समज इथेच मोडला.

गोलच का, आणि नऊच का?

रेडियल इंजिन म्हणजे बैलगाडीच्या चाकाचे आरे जसे मधल्या तुंब्यापासून चहूकडे जातात तसे सिलेंडर लावलेलं इंजिन. एका रांगेत सिलेंडर लावले तर पुढच्याला ताजी हवा मिळते आणि मागच्यांना पुढच्याची तापलेली, लोकलच्या दारात उभा असलेला आणि आत चेंगरलेला यांच्यात जो फरक तोच. गोल मांडणीत सगळेच दारात. शिवाय क्रँकशाफ्ट आखूड राहते, म्हणजे वजन वाचतं. सगळे पिस्टन एकाच क्रँकवर काम करतात. एक मुख्य कनेक्टिंग रॉड, त्याला मास्टर रॉड म्हणतात, आणि बाकीचे आठ रॉड त्याच्या गोल तोंडाभोवती पिनांनी अडकवलेले, कड्यात किल्ल्या अडकवतात तसे.

सिलेंडर विषम संख्येत का, हा प्रश्न बरेच जण विचारतात. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलेंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. आता पंगत डोळ्यासमोर आणा, गोल बसलेली, नऊ पानं, आणि वाढपी एक सोडून एक पानावर जिलबी वाढत चाललाय. १, ३, ५, ७, ९ झालं, पुढचं एक सोडलं तर २ येतं, मग ४, ६, ८, आणि परत १. दोन चकरांत सगळ्यांना एकेक वेळ, आणि मधलं अंतर कायम सारखं. आता आठ पानं धरा. १, ३, ५, ७ आणि एक सोडून पुन्हा १! दोन नंबरवाला उपाशीच. वाढप्याला मध्येच पाऊल चुकवावं लागेल, इंजिनात त्याचा अर्थ धक्का. म्हणून एका वर्तुळात ५, ७ नाहीतर ९ सिलेंडर. डाकोटाच्या इंजिनात १४ आहेत, पण ती सातसातची दोन वर्तुळं एकामागे एक.

लॉरन्स आणि नौदलाचा आग्रह

चार्ल्स लॉरन्स हा अमेरिकन, येलमध्ये शिकला, मग पॅरिसला जाऊन आर्किटेक्चर शिकला, आणि नाद लागला इंजिनांचा. न्यूयॉर्कमध्ये त्याची छोटीशी कंपनी होती. आधी दोन सिलेंडरचं २८ हॉर्सपॉवरचं, मग तीन सिलेंडरचं ६० हॉर्सपॉवरचं, आणि मग तीनाचे तिप्पट करून नऊ सिलेंडरचं २०० हॉर्सपॉवरचं जे-१. मोठी उडी मारायच्या आधी छोट्यावर हात बसवला, ड्रॅगनफ्लायवाल्यांनी जे केलं नाही ते यानं केलं.

गिऱ्हाईक होतं अमेरिकन नौदल. १९२२ मध्ये त्यांची पहिली विमानवाहू नौका लँगली दाखल झाली होती आणि नौकेवरून उडणाऱ्या विमानाचा एकेक किलो महत्त्वाचा. डेकवर विमान उतरतं म्हणजे अक्षरशः आपटतं, त्या हादऱ्यांनी पाण्याच्या नळ्या आणि रेडिएटर गळायचे, नौदलवाले या प्लंबिंगला कंटाळले होते. जे-१ लावलेलं टीएस-१ हे लढाऊ विमान त्यांना पटलं. पण लॉरन्सची कंपनी एवढी लहान की हवी तेवढी इंजिनं बनवणं तिला झेपणारं नव्हतं, आणि राइटसारखी मोठी कंपनी पाण्याच्या हिस्पानो इंजिनांच्या ऑर्डरींवर खूष होती, तिला नव्या भानगडीत पडायचं नव्हतं. मग नौदलानं राइटला सरळ सांगितलं की पाण्याची इंजिनं आम्ही यापुढे घेणार नाही, लॉरन्सला विकत घ्या. १९२३ मध्ये राइटनं लॉरन्सची कंपनी घेतली, आणि दोन वर्षांत लॉरन्स राइटचा अध्यक्ष झाला.

त्याच्या आधी राइटचा अध्यक्ष होता फ्रेडरिक रेंट्श्लर. त्यानं १९२४ ला राजीनामा दिला आणि १९२५ मध्ये प्रॅट अँड व्हिटनी ही इंजिन कंपनी काढली, तीही हवेनं थंड होणारी गोल इंजिनं करायला. डाकोटाची इंजिनं त्याच घराण्यातली.

सगळा जीव एका व्हॉल्व्हात

आता येतो माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचा भाग.

मामाचं साताऱ्याला गॅरेज होतं, सुट्टीत मी तिथे पडीक असायचो. एकदा एका जुन्या पेट्रोल गाडीचं हेड, म्हणजे सिलेंडरवरचं झाकण, उघडलं तेव्हा मामानं एक व्हॉल्व्ह माझ्या हातात दिला, सिलेंडरचं उघडबंद होणारं दारच म्हणा. बशीसारखी चकती आणि मधून निघालेला पेन्सिलएवढा जाड दांडा. चकतीची कड एका ठिकाणी चंद्रकोरीसारखी खाल्लेली, जणू कुणी चावा घेतलाय, आणि भोवती पांढरट राखाडी डाग. 'एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळाला,' मामा म्हणाला, 'इनटेकचा कधी नाही जळत बघ.' का, तर इनटेकच्या व्हॉल्व्हवरून दर वेळी थंड ताजं मिश्रण आत येतं, त्याला आपोआप वारा मिळतो. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हवरून मात्र दर वेळी जळता गॅस जातो, तो लालबुंद होईपर्यंत तापतो. त्याला थंड व्हायला दोनच वाटा, बंद असताना कडेला सीटला टेकतो तिथून, आणि दांड्यातून वर. पोलाद उष्णता काही फार भराभर वाहून नेत नाही, त्यामुळे चकतीचा मध्य तापलेलाच राहतो.

हवेनं थंड होणाऱ्या विमान-इंजिनांचं दुखणं बरंचसं इथेच होतं. एक व्हॉल्व्ह जळला की त्या सिलेंडरची ताकद गेली, इंजिन हादरायला लागलं.

सॅम हेरॉन नावाचा इंग्रज माणूस यावर वर्षानुवर्षं काम करत होता. महायुद्धात फार्नबरोला प्रोफेसर गिब्सन यांच्याबरोबर त्यानं सिलेंडरवर शिस्तीत प्रयोग केले, फिन्स कशा हव्यात, अॅल्युमिनियमचं हेड आणि पोलादी नळकांडं कसं जोडायचं वगैरे. अॅल्युमिनियम का, ते कुठल्याही गृहिणीला विचारा. लोखंडी तव्यावर आचेच्या वरचा भाग जळतो आणि कड गार राहते, अॅल्युमिनियमच्या पातेल्यात उष्णता पटकन सगळीकडे पसरते. मग १९२१ ला हेरॉन अमेरिकेत ओहायोतल्या मॅककुक फील्डवर लष्करासाठी काम करायला गेला आणि पुढे १९२६ मध्ये राइटमध्ये.

त्याची व्हॉल्व्हची युक्ती अशी. दांडा आतून पोकळ करायचा आणि ती पोकळी अर्धीच भरायची, सहज वितळणाऱ्या पदार्थानं. आधी त्यानं क्षारांचं मिश्रण वापरून पाहिलं, पुढे सोडियम धातू. सोडियम ९८ अंशालाच वितळतो, म्हणजे इंजिन तापलं की आत पाण्यासारखा पातळ द्रव. व्हॉल्व्ह मिनिटाला शेकडो वेळा खालीवर होतो त्याबरोबर हा द्रव आत डचमळतो. खाली चकतीशी गेला की उष्णता उचलतो, वर दांड्याच्या गार भागाला आपटला की तिथे टाकतो, परत खाली. आग लागल्यावर विहिरीपासून घरापर्यंत रांग करून माणूस हातानं बादल्या पुढे देत राहतो ना, तसंच, फक्त इथे बादलीत पाण्याऐवजी उष्णता आणि ती आगीपासून दूर चाललेली. वेगळा पंप लागत नाही, नळी लागत नाही, व्हॉल्व्हची स्वतःची हालचालच पंपाचं काम करते. मला आजही याचं अप्रूप वाटतं.

जे-५ मध्ये अशा आतून थंड होणाऱ्या व्हॉल्व्हबरोबर अॅल्युमिनियमचं नवं हेड आलं, दोन व्हॉल्व्ह एकमेकांपासून तिरके दूर सरकवले म्हणजे त्यांच्या मधूनही वारा खेळेल, फिन्स वाढल्या, आणि व्हॉल्व्ह ढकलणारे दांडे-रॉकर झाकणाखाली गेले. सिलेंडरांची एकूण क्षमता जे-१ इतकीच राहिली, साधारण १२.९ लिटर, हॉर्सपॉवरही २०० वरून २२० च्या आसपासच. आकड्यांत बघाल तर फार काही घडलंच नाही. घडलं ते एवढंच की इंजिन बंद पडेनासं झालं.

साडेतेहतीस तासांचा अर्थ

एप्रिल १९२७ मध्ये चेंबरलिन आणि अकोस्टा या दोघांनी जे-५ लावलेलं बेलांका विमान न्यूयॉर्कवर ५१ तास ११ मिनिटं न उतरता घिरट्या घालत ठेवलं. इंधन संपत आलं म्हणून उतरले, इंजिन थकलं म्हणून नाही. लिंडबर्गला खरं तर तेच विमान विकत हवं होतं, पण मालकानं पायलट कोण हे मी ठरवणार अशी अट घातली आणि बोलणं फिसकटलं. मग त्यानं सॅन दिएगोच्या रायन कंपनीकडून आपलं विमान करून घेतलं, 'स्पिरिट ऑफ सेंट लुइस', पण इंजिन तेच धरलं.

२० मे १९२७ ला सकाळी ७ वाजून ५२ मिनिटांनी तो निघाला, सुमारे १,७०० लिटर पेट्रोल घेऊन. ५,८०० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी रात्री पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळावर उतरला. आता जरा हिशोब करू. ३३.५ तास म्हणजे २,०१० मिनिटं. मिनिटाला १,६०० फेरे धरले तर ३२ लाख फेरे. प्रत्येक सिलेंडरमध्ये १६ लाख स्फोट, नऊ मिळून जवळपास १ कोटी ४५ लाख. प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह १६ लाख वेळा आगीच्या तोंडात उघडला आणि बंद झाला, आणि नऊपैकी एकही जळला नाही.

'पण एकच इंजिन घेऊन जाणं हा वेडेपणा नव्हता का? तीन का नाही?'

तीन इंजिनं म्हणजे तिप्पट सुरक्षित असं वाटतं खरं, पण इंधनानं ठासून भरलेलं विमान तीनपैकी एक बंद पडलं तर उरलेल्या दोनवर तरंगू शकलं पाहिजे, तरच. सुरुवातीच्या कित्येक तासांत ते शक्य नसायचं. मग तीन इंजिनं म्हणजे बिघाडाच्या तीन संधी. लिंडबर्गनं हा विचार करूनच एक घेतलं, आणि हा विचार करण्याइतकं भरवशाचं इंजिन पहिल्यांदाच मिळालं होतं.

'एका माणसाचं नशीब असेल की'

एकच उड्डाण असतं तर मीही हेच म्हटलं असतं. पण पुढच्याच महिन्यात चेंबरलिन त्याच बेलांकातून न्यूयॉर्कहून जर्मनीला पोचला, अंतर लिंडबर्गपेक्षाही जास्त. १९२८ मध्ये किंग्सफर्ड स्मिथच्या 'सदर्न क्रॉस'नं तीन व्हर्लविंडांवर कॅलिफोर्नियाहून ऑस्ट्रेलिया गाठलं, त्यात हवाई बेटांपासून फिजीपर्यंतचा टप्पा ३४ तासांपेक्षा जास्त, खाली सगळं पाणी.

अपघात झालेच नाहीत असंही नाही. एप्रिल १९२७ मध्येच डेव्हिस आणि वूस्टर हे दोघं नौदल अधिकारी चाचणी उड्डाणात गेले, त्यांच्या विमानालाही व्हर्लविंडच होती, पण विमानावर ओझंच झेपणार नाही इतकं लादलेलं होतं. इंजिन चांगलं म्हणजे विमान सुरक्षित असं समीकरण नसतं. १९२७ची कॉलिअर ट्रॉफी, अमेरिकन विमानविद्येतला मोठा मान, लॉरन्सला मिळाली, तरी त्याचं नाव आज कुणाला सांगता येत नाही.

'समोर एवढं थोराड गोल इंजिन, वारा अडत नसेल का?'

अडायचा, आणि भरपूर. पाण्याचं इंजिन अरुंद, नाक टोकदार करता येतं. रेडियल म्हणजे थाळी समोर धरून पळण्यासारखं. पाण्याच्या इंजिनवाल्यांचा हा आक्षेप अगदी रास्त होता.

याचं उत्तर १९२८ मध्ये व्हर्जिनियातल्या लँगली प्रयोगशाळेत फ्रेड वाइक यांच्या गटानं शोधलं. त्यांनी इंजिनाभोवती एक घडीव पत्र्याचं कवच बसवलं, काउलिंग. पुढून हवा आत येते, सिलेंडरांवरून हव्या तेवढीच जाते आणि मागच्या फटीतून अंगाला चिकटून बाहेर पडते. व्हर्लविंड लावलेल्या कर्टिस विमानावर ते लावून पाहिलं तर वेग ताशी १९० किलोमीटरवरून २२० झाला, इंजिनाला हात न लावता. लोकांना भीती होती की झाकलं तर इंजिन गुदमरेल, पण उलट हवा जिथे हवी तिथे गेली. मोकळ्या माळावर वारा असतो पण घरात झुळूक येते ती समोरासमोर दोन खिडक्या असल्या तरच, तसं.

जमिनीवर उभं असताना मात्र अडचण राहतेच, तेव्हा फक्त पंख्याचाच वारा. म्हणून ही इंजिनं जमिनीवर उगाच जास्त वेळ जोरात चालवत नाहीत.

आणि तो धूर?

तो तेलाचा. गोल इंजिनात काही सिलेंडर खाली डोकं वर पाय असे असतात, बंद असताना तेल झिरपत झिरपत पिस्टनच्या कडेनं त्यांच्यात उतरतं आणि सुरू केल्यावर ते जळतं, दोन-चार मिनिटांत साफ. पण तेल फार साचलं तर प्रश्न गंभीर, कारण तेल दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना त्यावर आदळतो आणि रॉड वाकतो. म्हणून सुरू करायच्या आधी इंजिन बंद ठेवून पंखा हळूहळू फिरवून बघतात, हातानं नाहीतर स्टार्टरनं. कुठे अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावायचा नाही, खालच्या सिलेंडरचा स्पार्क प्लग काढून तेल वाहू द्यायचं.

आपल्याकडे ही गोल इंजिनं कुठे आली

भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ ला कराचीत चार वापिती विमानांवर उभी राहिली, त्यांच्या नाकावर ब्रिस्टल ज्युपिटर होतं, रॉय फेडन यांनी घडवलेलं, हेही हवेचं, नऊ सिलेंडरचं गोल. ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला सैन्य उतरवलं ते डाकोटांनी. त्याआधी १९३२ मध्ये जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पस मॉथही हवेनंच थंड होणारं, पण त्याचे चार सिलेंडर एका रांगेत, उलटे लटकलेले. छोट्या इंजिनाला रांगही चालून जाते, मागच्यापर्यंत वारा पोचवता येतो.

आज काय उरलं

दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या विमानांत जेट आली. शेवटी शेवटी तर २८ सिलेंडरची गोल इंजिनं झाली होती, चार वर्तुळं एकामागे एक, मागच्यांना गार ठेवता ठेवता नाकी नऊ यायचे. आता रेडियल दिसतात ती शेतावर फवारणी करणाऱ्या काही जुन्या विमानांत, कसरतींच्या विमानांत आणि डाकोटासारख्या जपलेल्या वारशात. 'स्पिरिट ऑफ सेंट लुइस' वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे, काउलिंगच्या आधीचं असल्यामुळे त्याचे नऊही सिलेंडर उघडे दिसतात.

हेरॉनचा व्हॉल्व्ह मात्र कुठे गेलेला नाही. टर्बोवाल्या आणि जोरकस पेट्रोल गाड्यांत एक्झॉस्टला आजही सोडियम भरलेले पोकळ व्हॉल्व्ह असतात. त्यामुळे गॅरेजवाल्या मित्रांना एक विनंती, अशा इंजिनाचा जुना व्हॉल्व्ह निघाला तर तो ग्राइंडरला लावू नका, कापू नका, भंगारात फोडायला देऊ नका. आतला सोडियम उघडा पडला आणि पाण्याचा थेंब जरी लागला तर तो पेट घेतो, डोळ्यात उडतो. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये त्याची विल्हेवाट कशी लावायची ते लिहिलेलं असतं, ते बघा, आणि तोवर तो कोरड्या डब्यात वेगळा ठेवा.